बंद पडणे

मराठीतल्या ‘पडणे’ या क्रियापदाच्या वाट्याला फारशी चांगली कामे आलेली नाहीत. पाऊस पडतो आणि चांदणे पडते, एवढे दोन सुखद अपवाद सोडले तर बाकी सगळा कारभार दुःखाचाच. भाव पडतात, दात पडतात, भिंती पडतात, निवडणुकीत माणसे पडतात आणि परीक्षेत आमच्या विषयाला गुण कमी पडतात. पण या साऱ्या पडण्यांत ‘बंद पडणे’ या पडण्याची जेवढी बदनामी झाली आहे, तेवढी दुसऱ्या कशाचीच झाली नसेल. घड्याळ बंद पडले की आपण त्याला टिचकी मारतो. पंखा बंद पडला की त्याला काठीने ढोसतो. मोटार बंद पडली की तिच्या चाकाला लाथ बसते. वस्तूने चालत राहणे हे तिचे कर्तव्य आणि बंद पडणे हा तिचा गुन्हा, असे आपण मनाशी धरूनच चालतो. शिक्षा ताबडतोब होते. ती का थांबली, हे मात्र तिला कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारण्याची पाळी गेल्या मे महिन्यात आमच्या घरावर आली.

आमच्याकडे एक संगणक आहे. मांडीवर घेण्याचा नव्हे. टेबलाखाली लोखंडी पेटी आणि टेबलावर पडदा, असा ऐसपैस संसाराचा. त्यावर मी प्रश्नपत्रिका तयार करतो, सौभाग्यवती विजेचे बिल भरतात आणि आमचे चिरंजीव खेळतात. गंमत अशी की, प्रश्नपत्रिकेच्या वेळी तो कधी बंद पडला नाही आणि बिलाच्या वेळीही नाही. चिरंजीवांचा खेळ रंगात आला की मात्र पंधरा-वीस मिनिटांत पडदा काळा होई आणि पेटीतली घरघर थांबे. यंत्राला आपल्या घरातल्या सर्वांपेक्षा अक्कल अधिक आहे, असे माझ्या आईचे त्यावर मत पडले. त्या पेटीला हळदकुंकू वाहायचेच तिने बाकी ठेवले होते.

चिरंजीवांची अडचण मात्र निराळी होती. ते एकटे खेळत नव्हते. त्यांचा शाळेतला एक जिवलग मित्र वडिलांच्या बदलीमुळे अहेरीला गेला आहे. 1982 पर्यंत अहेरी आणि चंद्रपूर एकाच जिल्ह्यात होती. आज ती गडचिरोली जिल्ह्यात आहे. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा शंभरावर किलोमीटरचा रस्ता मध्ये आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तो रोज ओलांडणे शक्य नाही. म्हणून ही दोघे एका खेळात भेटतात. त्या खेळात एक किल्ला आहे. एकाने पुढचा दरवाजा सांभाळायचा आणि दुसऱ्याने मागचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या गोंडकालीन दरवाजांतून ये-जा करीत वाढलेल्या पोराला दरवाजा सांभाळण्याची जबाबदारी सांगावी लागत नाही. पण इकडे संगणक बंद पडला की चिरंजीव आपल्या दरवाजावरून एकाएकी नाहीसे होत आणि तिकडे अहेरीचा गडी एकटा उभा राही. दोन-तीनदा हरल्यावर त्याने निरोप पाठवला, “खेळायचं नसलं तर सरळ सांगत जा ना बे. मध्येच पळून काऊन जातोस?” त्यानंतर दोन दिवस तो आलाच नाही. चिरंजीवांचे जेवण कमी झाले, तेव्हा मला कळले की प्रकरण नुसत्या यंत्राचे राहिलेले नाही.

घरात एखादे दुखणे आले की चार घरांतून चार काढे येतात. यंत्राच्या दुखण्यालाही तोच नियम आहे. शेजारचे काका वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “मी सांगून राहिलो ना, अर्थिंग पाहा आधी!” पुण्याच्या भाच्याने फोनवरून सांगितले की, सगळे पुसून टाकून विंडोज पुन्हा भरा. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांना व्हायरसचा संशय आला. त्यांना तो बहुतेक गोष्टींत येतो. शेवटी आम्ही पेटी उचलून एका दुकानात नेली. दुकानदाराने ती उघडलीसुद्धा नाही. पाच मिनिटे चालवून पाहिली आणि म्हणाला, “कार्ड गेलं, सर. टेन्शन नका घेऊ, नवीन टाकून देतो.” नव्या ग्राफिक्स कार्डाची किंमत त्याने सांगितली, तेव्हा सौभाग्यवतींनी पेटी पुन्हा उचलून रिक्षात ठेवण्याची खूण केली.

आता आम्ही साहित्याची माणसे. यंत्राचे आम्हांला काय कळणार, असा एक समज आहे. पण कारण शोधण्याची विद्या काही यंत्रांनी आणलेली नाही. आपल्या न्यायशास्त्राने तिला अन्वय आणि व्यतिरेक अशी दोन नावे फार पूर्वीच दिली आहेत. अमुक असले की तमुक होते, हा अन्वय. अमुक नसले की तमुक होत नाही, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले, तर त्या अमुकाला कारण म्हणायला हरकत नाही. एकच जुळले तर थांबावे. धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे असे म्हणताना नैयायिक जेवढी काळजी घेत, तेवढी घेतली असती तर पहिल्या पाच मिनिटांत ‘कार्ड गेलं’ असे कोणी म्हणाले नसते. मी चिरंजीवांना हे सांगितले. त्यांनी ते नेहमीच्या शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही आणून तीत रकाने आखले: तारीख, वेळ, खोलीचे तापमान, काय बदलले, किती मिनिटांनी बंद.

नियम एकच ठरला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार कठीण. कारण माणसाला ताप आला तरी आपण एकाच दिवशी गोळी देतो, काढा देतो आणि दृष्टही काढतो. मग तो बरा कशाने झाला ते कायमचे गुपित राहते. चिरंजीवांनी मात्र नेटाने वाट धरली. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून पाहिली, मग ती लावून दुसरी काढली. बंद पडणे चालूच. म्हणजे पट्ट्या निर्दोष. कार्ड चालवणारी आज्ञावली काढून नवी घातली. फरक नाही. संगणक स्वतःचीही एक रोजनिशी लिहीत असतो, असे या निमित्ताने मला समजले. तीत प्रत्येक वेळी 41 क्रमांकाची एकच नोंद होती. तिचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. वर्तमानपत्रात ‘अल्पशा आजाराने निधन’ असे छापतात, त्या जातीचे हे वाक्य. गेले हे खरे. कशाने गेले ते विचारू नका.

अशा नोंदवह्यांना संगणकाच्या जगात मोठी परंपरा आहे. 1947 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली नोंद केली. दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रीत इंजिनियरांत त्याच्याही आधीची. पण किडा खरोखर सापडल्याचा त्यांना झालेला आनंद त्या पानावर दिसतो म्हणतात. आमच्या वहीत किडा नव्हता. पण आठ दिवसांनी त्या रकान्यांकडे नुसते पाहिले तरी एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. पहाटे पाच वाजता खोलीत 31 अंश असताना खेळ दोन तास चालला होता. सकाळी दहाला पन्नास मिनिटे. दुपारी दोन वाजता खोलीत 39 अंश असताना बारा मिनिटे.

चंद्रपूरच्या माणसाला यापुढचे सांगावे लागत नाही. मे महिन्यात बाहेरचा पारा 46 अंशांवर चढला तरी आमच्याकडे ती बातमी होत नाही. पण खेळ आणि उष्णता यांचा संबंध काय, हे मला समजून घ्यावे लागले. मी प्रश्नपत्रिका लिहितो तेव्हा पडद्यावर मिनिटाला चार शब्द बदलतात. यंत्र बहुतेक वेळ डुलकी घेत असते. खेळाचे तसे नाही. पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. म्हणजे एका चित्रात 20 लाख 73 हजार 600 ठिपके. अशी चित्रे सेकंदाला साठ काढायची, तर दर सेकंदाला 12 कोटी 44 लाख 16 हजार ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. त्यासाठी लागणारी वीज कुठे जाते? ती सगळी शेवटी उष्णताच होते. तीनशे वॉट वीज खाणारी पेटी म्हणजे टेबलाखाली ठेवलेली तीनशे वॉटची शेगडीच. 1946 साली लोकांपुढे आलेल्या एनियाक या संगणकात सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या आणि तो 150 किलोवॅटच्या आसपास वीज घेई. त्याला थंड ठेवणे हेही एक मोठे कामच होते. पेटी लहान झाली तरी हे काम काही सुटलेले नाही.

आणि पेटीतला पंखा गारवा निर्माण करीत नाही. तो फक्त आतली गरम हवा बाहेर आणि बाहेरची हवा आत, एवढीच ने-आण करतो. बाहेरचीच हवा 39 अंशांची असेल, तर तो बिचारा तरी काय करील? प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या घरात पोचला की आधी आपला वेग कमी करतो. खेळ अडखळू लागतो, चित्रे धक्के खात पुढे सरकतात. तेवढ्याने भागले नाही आणि उष्णता वाढतच राहिली, तर तो सरळ स्वतःला बंद करून घेतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ज्याला आम्ही महिनाभर बिघाड म्हणत होतो तो बिघाड नव्हताच. ती त्या यंत्राला शिकवलेली शहाणीव होती. बंद पडला नसता, तर तो खरोखरच बिघडला असता.

एका रविवारी पहाटे सहा वाजता आम्ही ती पेटी गच्चीवर नेली, वायर काढून, आणि तिचे एका बाजूचे दार उघडले. आत जे दिसले ते पाहून घरातली सगळी मंडळी गोळा झाली. प्रोसेसरवरच्या जाळीत बोटभर जाड अशी काळपट गादी बसली होती. इतर गावांत धूळ तांबडी किंवा करडी असते. आमच्या धुळीत कोळसा असतो. एका अंगाला दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, दुसऱ्या अंगाला बल्लारपूरच्या, आणि 2920 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उशाशी. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी नाव लिहिता येते. त्यात आमचा कूलर. कूलरची हवा पाण्याच्या वाफेने गार होते, म्हणून ती दमट असते; आणि दमट हवेत ही भुकटी नुसती उडत नाही, घट्ट चिकटून बसते. ज्या कोळशाची वीज त्या पेटीला चालवीत होती, त्याच कोळशाने तिचा श्वास कोंडला होता.

चिरंजीवांनी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, म्हणजे हवेच्या झोताने ती भरमसाट फिरू नयेत. आणि शेजारच्या काकांकडून आणलेल्या ब्लोअरने धूळ उडवली. काळा लोट निघाला आणि काका समाधानाने म्हणाले, “हे तर आपल्याच खात्याचं दिसते!” मग जाळी उचलली. तिच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट वाळून, विड्याच्या डब्यातल्या जुन्या चुन्यासारखी झाली होती. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवून जाळी परत बसवली. वीजपुरवठ्याचा आतला डबा मात्र उघडला नाही. वायर काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो. त्याच्या वाटेला जाऊ नये. शेवटी पेटी टेबलाच्या कप्प्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे, मोकळ्या जागी ठेवली. त्या दुपारी, खोलीत 39 अंश असतानाच, खेळ दीड तास चालला आणि प्रोसेसर 84 अंशांच्या पुढे गेला नाही. अन्वय जुळला होता, व्यतिरेकही जुळला.

पण न्यायशास्त्राची खरी गंमत अपवादात असते. रात्री आठ वाजता, हवा दुपारपेक्षा थंड असताना, संगणक पाच मिनिटांत बंद पडला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. चिरंजीवांनी वहीकडे पाहिले. या वेळी खेळ अडखळला नव्हता. दिवा विझावा तसा एकदम गेला होता, आणि जाण्यापूर्वी यूपीएस ओरडला होता. वहीत मागे पाहिले तर रात्री आठ-नवाच्या सगळ्याच नोंदी तशा होत्या. उष्णतेच्या गर्दीत त्या लपून गेल्या होत्या. दोन दुखणी एकाच वेळी एकाच अंगात असली, की पहिले बरे झाल्याशिवाय दुसरे दिसत नाही.

रात्री आठला चंद्रपुरातले सगळे कूलर एकदम चालू असतात आणि आमच्या गल्लीतला दाब खाली येतो. दाब उतरला की यूपीएस भिंतीतली वीज सोडून आपल्या बॅटरीवर येतो. प्रश्नपत्रिकेपुरती ती बॅटरी पुरत असे. खेळाचे ओझे तिला पेलत नव्हते. यूपीएस वगळून पेटी सरळ भिंतीला जोडली, तर खेळ चालला. पुन्हा यूपीएस मध्ये आणला, तर बंद. बॅटरी तीन वर्षांची होती आणि या जातीच्या बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते. म्हणजे दोन दुखण्यांचे मूळही एकच निघाले. नवी बॅटरी आणि पेस्टची नळी मिळून खर्च दोन हजारांच्या आत आला. कार्ड अजून जुनेच आहे आणि उत्तम चालते.

या उद्योगानंतर मी आसपास जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. खुद्द आमचे वीजकेंद्रच घ्या. एवढा कोळसा, एवढी यंत्रे. पण तेही इरई धरणाच्या पाण्यावर थंड होते. 2010 च्या उन्हाळ्यात धरणात पुरेसे पाणी उरले नाही, तेव्हा त्याचे संच बंद ठेवावे लागले. कोळसा असून वीज नाही, कारण गारवा नाही. ताडोब्याचा वाघ भर दुपारी पाणवठ्यात मागच्या पायांनी शिरतो आणि नुसता बसून राहतो. त्याला आळशी म्हणण्याची कोणाची छाती नाही. आलापल्लीच्या जंगलातला साग तर उन्हाळ्यात सगळी पाने गाळून टाकतो. पाणी कमी, म्हणून खर्च कमी. नवखा माणूस त्या उघड्या बुंध्यांकडे पाहून रान मेले म्हणतो. इथला माणूस मृगाची वाट पाहतो. थांबणे कशाला म्हणतात आणि संपणे कशाला, हे या दोन जिल्ह्यांतल्या झाडाजनावरांना पक्के ठाऊक आहे. आपल्यालाच ते विसरायला होते. वर्गात एकाएकी गप्प होणारा विद्यार्थी, पत्र पाठवायचा थांबलेला भाऊ, बोलणे टाकलेली शेजारीण, यांना आपण पहिल्या पाच मिनिटांत ‘कार्ड गेलं’ असेच म्हणून मोकळे होतो. त्यांची पेटी कोण उघडतो?

अहेरीच्या मित्राला चिरंजीवांनी सगळी वही छायाचित्रे काढून पाठवली. रकान्यांसकट. त्याचे उत्तर एका शब्दाचे आले: “बरं.” पण त्या संध्याकाळी तो आपल्या दरवाजावर हजर होता. दोघांत एक करारही झाला. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच खेळायचे नाही. आणि उठायचे असेल तर ‘थांबतो’ एवढे सांगून उठायचे.

पुढे ऑगस्ट आला. गडचिरोलीच्या दक्षिण भागात पाऊस लागला म्हणजे नुसता पडत नाही, मुक्काम करतो. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, तशी आली. अहेरीचा मित्र चार दिवस खेळात दिसला नाही. निरोप नाही, फोन लागत नाही. ‘थांबतो’ असेही तो सांगून गेला नव्हता. मे महिन्यात असे झाले असते तर आमच्याकडे ताटावरून उठणे झाले असते. चौथ्या रात्री मी सहज ती वही उघडून पाहिली. शेवटच्या पानावर नवी ओळ होती. काय बदलले, या रकान्यात ‘पाऊस’. किती मिनिटांनी बंद, या रकान्यात ‘चार दिवस’. आणि समासात बारीक अक्षरात, ‘खेळाशी संबंध नसावा. वाट पाहणे.’

पाचव्या संध्याकाळी पेटीतून आवाज आला, “अबे, तारेवर झाड पडून होतं!”

“वाटलंच होतं,” चिरंजीव म्हणाले, “तू मागचा दरवाजा पाहा.”